मूठ कुणाची, धार कुणाची

माझा भाचा अमेरिकेत अटलांटाला असतो. तिथे दर वर्षी जूनच्या सुमारास हाताने घडवलेल्या सुऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. ‘ब्लेड शो’ म्हणतात त्याला. एकेक कारागीर आपलं टेबल मांडून बसतो. गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने सुरी घडवून देतात, आपण शिंप्याकडे चोळीचं माप द्यायचो तसं. भाचा हौसेने बघायला गेला आणि मला फोटो पाठवले. एका पात्यावर संथ पाण्यावर उठाव्यात तशा लहरी होत्या. खाली त्याने लिहिलं होतं, “मावशी, याला दमास्कस स्टील म्हणतात. किंमत ऐकशील तर सोनं घेशील.”

मी विचारलं, “याने चिरतात काय?”

तो म्हणाला, “चिरत नाहीत गं, कपाटात ठेवतात.”

मला हसू आलं. मग वाटलं, हसतेय कशाला? हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्येही शेकडो पाती कपाटातच आहेत की. मी तिथे तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा बुरख्यातली रिबेका पाहिली, बारा वाजता वाजतगाजत बाहेर येणारा घड्याळातला बुटका माणूस पाहिला आणि जेवायला घरी परतले. शस्त्रांच्या दालनात कधी पाऊल टाकलं नाही. आपण जैन बायका, आपलं तिथे काय काम, असं वाटायचं. या खेपेला ठरवलं, मुलाकडे हैदराबादला जायचंच आहे, तर फक्त सुऱ्या-कट्यारी बघायला जायचं. सोबत आत्याबाई होत्या. माझ्या यजमानांच्या आत्या, वय 76, चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या, बोलायला रोखठोक.

आदिलाबादहून बसने निघालं की घाट उतरून निर्मल लागतं. निर्मल म्हटलं की आपल्याला पोणिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी आठवतात, सोनेरी रंगाची चित्रं आठवतात. माझ्या रुखवतातही निर्मलचे आंबे-सीताफळं होती, लाकडी. पण निर्मलच्या आसपासच्या आणि गोदावरीपलीकडच्या गावांची जुनी कीर्ती वेगळीच होती. इथलं पोलाद. सोनजवळ पूल ओलांडून आर्मूरकडे जाताना पूर्वेला कम्मरपल्लीची बाजू लागते. तेलुगूत लोहाराला ‘कम्मरि’ म्हणतात. त्या बाजूचं कोनसमुद्रम हे गाव एका काळी इराणपर्यंत ठाऊक होतं. हेन्री व्हॉइसी नावाचा, सर्वेक्षण खात्यातला इंग्रज डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ तिथे जाऊन आला होता. त्याने लिहिलेलं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर 1832 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. इस्फहानकडचे व्यापारी पोलाद घ्यायला या खेड्यात येऊन राहत, हे त्याने पाहिलं होतं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं होतं की लहरी उमटणारं पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येतं.

म्हणजे भाच्याच्या फोटोतल्या पात्याला ज्या दमिश्क शहराचं नाव आहे, त्या नावाखालच्या जुन्या पोलादाचं एक माहेर आमच्या बसच्या खिडकीतून दिसतं. सासरच्या नावाने ओळखली जाणारी ही एकटीच नाही म्हणा!

हे पोलाद करायची रीत ऐकण्यासारखी आहे. मातीत भाताचा कोंडा मळून मुशी करायच्या. त्यात लोखंड आणि कार्बन पुरवणारा जिन्नस भरायचा, तोंड लिंपून बंद करायचं आणि भट्टीत तासन्‌तास तापवायचं. लोखंड आत वितळतं. मग खरी कसोटी, सावकाश निववायचं. घाई केली तर हाती काही लागत नाही. साजूक तूप कढवून हळूहळू निवू दिलं तर रवाळ होतं आणि फ्रीजमध्ये ढकललं तर नुसता गोळा होतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पोलादाचंही तसंच. हळू निवताना आत कठीण कण जमतात. पुढे बेताच्या आचेवर ठोकून पातं घडवताना त्या कणांच्या रांगा लागतात आणि त्याच लहरी होऊन दिसतात. तेलुगू-कन्नडात पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. इंग्रजांनी त्याचं ‘वुट्झ’ केलं. 1795 साली जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. विजेच्या शोधांनी पुढे नावाजलेला मायकेल फॅरडे तरुणपणी त्याच्या मागे लागला होता. त्याच्या जोडीला होता स्टोडार्ट, डॉक्टरांची हत्यारं करणारा कारागीर. तलवारीसाठी गाजलेल्या पोलादाकडे तो माणूस शस्त्रक्रियेची सुरी म्हणून बघत होता. हे वाचून मला बरं वाटलं.

आजकालच्या प्रदर्शनांतलं ‘दमास्कस’ बहुतेक वेळा वेगळं असतं. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून, पुन्हा दुमडून करतात. म्हणजे चिरोटेच. बिल मोरन नावाच्या अमेरिकन लोहाराने 1973 साली अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि तिकडे त्याची लाट आली. चिरोटे वाईट असतात असं नाही, पण त्यांना रवाळ तूप म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता म्युझियमकडे येते. शुक्रवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून जा. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, 1949 साली वारले. लग्न केलेलं नव्हतं, आयुष्यभर वस्तू जमवल्या. 1951 च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्या देवडीतच संग्रहालय उघडलं आणि 1968 मध्ये ते मुसीच्या काठी आजच्या इमारतीत आलं. एका माणसाची हौस एवढी मोठी असू शकते, हे बघताना पाय दुखतात आणि डोळे दमत नाहीत.

शस्त्रांच्या दालनाच्या दाराशी आत्याबाई थबकल्या. मला वाटलं, आता या बाकावर बसणार. पण आल्या आत. एका कट्यारीपुढे उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, “हिच्या मुठीवर खडे जडवलेत ते सगळे सांगतात. हिने किती जण गेले ते लिहिलंय का कुठे?”

मी इकडेतिकडे बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना! पण त्या क्षणापासून मला ते दालन आत्याबाईंच्याच डोळ्यांनी दिसायला लागलं.

माझं पहिलं म्हणणं हेच आहे. कोणत्याही संग्रहालयात शस्त्र मांडलं की आपली नजर मुठीवर जाते. सोनं तिथे, नक्षी तिथे, मालकाचं नाव तिथे. धार नुसतीच खाली लोंबत असते. धारेने केलेलं काम काचेमागे ठेवता येत नाही. कुणी म्हणेल, “शस्त्र म्हणून नका बघू, कला म्हणून बघा.” हे मला अर्धंच पटतं. कारण सुरीची सगळी कला कापण्यासाठीच जन्मलेली असते. पात्याचा बाक, पाठीची जाडी, मुठीचा उतार, एकही रेघ उगाच नसते. काम वगळून तिचं कौतुक करणं म्हणजे वरणाला चव न घेता नुसत्या रंगावरून चांगलं म्हणणं. या बाबतीत ते अमेरिकन लोहार बरे म्हणायचे. 1976 साली त्यांनी आपली संस्था काढली. तिच्या परीक्षेत उमेदवाराची सुरी टांगता दोर एका घावात तोडते का, लाकूड तोडल्यावरही तिने हातावरचे केस निघतात का, हे बघतात, आणि शेवटी ती शेगड्यात धरून काटकोनात वाकवतात. मोडली तर नापास. एवढं सोसलेली सुरी पुन्हा कामाची राहत नाही, पण कारागीर खरा ठरतो. हे सगळं ऐकल्यावर तशीच दुसरी सुरी मखमलीत गुंडाळून तिजोरीत ठेवणाऱ्याचं मात्र मला नवल वाटतं.

दुसरं म्हणणं नावाचं. इस्फहानच्या असदुल्ला या घडवणाऱ्याचं नाव कोरलेल्या तलवारी जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्याचं नाव एवढं मोठं झालं की दुसऱ्यांच्या पात्यांवरही तेच कोरायला लागले. मूठ बादशहाच्या नावाने, पातं असदुल्लाच्या नावाने. आणि मुशीत लोखंड निववत रात्र जागवणारा कोनसमुद्रमचा माणूस? मुशीला माती मळणारी त्याची बायको? त्यांचं नाव कुठेच नाही. गिलियन जुलेफ आणि शारदा श्रीनिवासन या दोन अभ्यासक बायकांनी 2010 साली उत्तर तेलंगणातल्या गावांतून या जुन्या भट्ट्यांच्या खुणांची मोठी पाहणी केली. शेतांच्या बांधावर, गावांच्या कडेला पडलेली मळी आणि फुटक्या मुशींची खापरं त्यांनी वेचली, मोजली. नाव नाही तर निदान खापर तरी कुणी जपून उचललं.

पुढे हिरव्या-पांढऱ्या संगयेशबाच्या वस्तूंचं, म्हणजे जेडचं दालन. तिथे नूरजहानची म्हणून ठेवलेली फळं चिरायची सुरी आहे. एवढ्या तलवारी-भाल्यांनंतर ती छोटी सुरी बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. तोंडातून निघून गेलं, “किती सुंदर!”

लगेच मनात चरकलं. मघा कट्यारीपुढेही हाच शब्द ओठांवर आला होता, फक्त आत्याबाई होत्या म्हणून गिळला. मग माझी सुरी चांगली आणि कट्यार वाईट, हे ठरवलं कुणी? लोखंड तेच, मुशी तीच.

याचं उत्तर मी परतीच्या वाटेवर शोधत होते आणि ते आमच्याच भागात सापडलं. आपल्या पुराणात ऋषभदेवांनी माणसांना जगायला सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषि, विद्या, शिल्प, वाणिज्य. लहानपणी पाठशाळेत घडाघडा म्हणायचो. पहिलं नाव ‘असि’ आहे, म्हणजे तलवार, याकडे तेव्हा कधी लक्षच गेलं नव्हतं. अहिंसेचा धर्म पात्याकडे डोळेझाक करून उभा राहिलेला नाही. त्याच आदिपुराणात भरत आणि बाहुबली समोरासमोर येतात तेव्हा मंत्री मध्ये पडतात. सैन्य कशाला मारायचं? मग भाऊ-भाऊ दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध करतात. हरलेला भरत रागाने चक्र सोडतो, तर ते बाहुबलीला प्रदक्षिणा घालून थांबतं. बाहुबलीचं पौदनपूर म्हणजे आपलं निजामाबाद जिल्ह्यातलं बोधन, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे जिथे शस्त्र टाकून देण्याची कथा नांदली, त्याच मुलखात पुढे जगातलं उत्तम पातं जन्मलं. एका मातीच्या दोन लेकी.

आणखी एक. सोमदेवसूरींचं ‘यशस्तिलक’ 959 साली पुरं झालं ते गंगाधारा इथे, वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या राज्यात. करीमनगरकडचं आजचं गंगाधर ते हेच, असं मानतात. त्यातली यशोधर राजाची कथा आपल्याकडे बहुतेकींना माहीत आहे. आई बळी द्यायला सांगते. राजाला जीव मारायचा नसतो. मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात आणि त्याच्यावर शस्त्र चालवतात. रक्ताचा थेंब नाही, जीव गेला नाही. तरी मायलेकरांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागतं. कारण हात पिठावर चालला, पण मन कोंबड्यावर चाललं होतं.

लहानपणी मला ही शिक्षा फार कठोर वाटायची. कपाटातली कट्यार बघितल्यावर ती कथा नव्याने कळली. पात्याला पाप नाही. धार लोहार लावतो, पण तिला दिशा आपलं मन देतं. म्हणूनच श्रावकाच्या आचारात ‘हिंसादान’ टाळायला सांगितलंय, हत्यार दुसऱ्याला देताना विचार करायला. माझ्या सासूबाई हा नियम फार कडक पाळायच्या. एका दसऱ्याला शेजारच्या वहिनी आमचा मोठा कोयता मागायला आल्या. त्यांच्या घरी त्या दिवशी बकरं होतं. सासूबाईंनी सरळ नाही म्हटलं. वहिनी दुखावल्या. म्हणाल्या, “आमच्या घरचं पाणी चालतं, मीठ-मिरची चालते, आणि कोयता बाटतो?” पुढे कितीतरी दिवस त्या आमच्याकडे बघेनात. मी तेव्हा नवी सून. मला सासूबाईंचा राग आला होता. आज वाटतं, कोयता देणं न देणं त्यांच्या व्रताचा भाग होता, ते त्यांनी पाळलं. पण ‘नाही’ म्हणताना दोन शब्द गोड बोलता आले असते. व्रत पाळताना शेजारणीच्या मनावर जो वार झाला, त्याचा हिशेब आम्ही कुणी ठेवला नाही. शब्दालाही धार असते आणि ती तर आपण रोज उसनी देतो.

आता शेवटचं म्हणणं, आणि ते आपल्या स्वयंपाकघराचं. आपल्याकडे भाजी ‘कापली’ म्हणत नाहीत. चिरली म्हणतात, कुणी सुधारली म्हणतात. ती चिरायचं हत्यार म्हणजे विळी. पलीकडे वऱ्हाडात तिला पावशी म्हणतात, आमच्या तेलुगू शेजारणी कत्तिपीट म्हणतात. विळीचा विचार कुणी केलाय का? तिचं पातं पाटाला जखडलेलं. पायाने पाट दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यापाशी न्यायची. पातं कुणाच्या अंगावर जात नाही. विळी उगारून कुणी कुणाच्या मागे धावल्याचं मी तरी ऐकलं नाही. शिवाय डोळे थेट फोडीवर असतात. वांग्यात अळी आहे का, भेंडीत कीड आहे का, हे चिरायच्या आधी दिसतं आणि हात थांबतो. सगळ्या शस्त्रदालनात मला असं एकही पातं दिसलं नाही, जे थांबण्यासाठी घडवलंय.

तरी विळीला मी देवपण देणार नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर तिची खूण आहे, आणि गुडघ्यांमुळे मी स्वतः गेली काही वर्षं ओट्याशी उभी राहून सुरीनेच चिरते. सुरीनेही थांबता येतं. फक्त मुद्दाम थांबावं लागतं.

या विळीला संग्रहालयात मान दिला तो पुण्याच्या दिनकर केळकरांनी. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा माणूस गावोगाव हिंडून लोकांच्या माजघरातल्या वस्तू गोळा करत राहिला. दिवे, विळ्या, मोर आणि घोड्यांच्या आकाराचे अडकित्ते. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी 20,000 हून अधिक वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. सालारजंगांनी राजांच्या मुठी जमवल्या, केळकरांनी बायकांच्या हातांनी झिजलेल्या. मला दोन्ही संग्रह मोलाचे वाटतात. पण केळकर संग्रहालयात आत्याबाईंना तो प्रश्न विचारावासा वाटला नसता.

हे सगळं डोक्यात असताना हैदराबादला सून म्हणाली, “आई, आजींची विळी मला द्याल?” तिच्या ओट्यावर सहा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा आहे. मला आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, “मुलीला जमिनीवर बसून भाजी चिरायला शिकवायचंय. हातात फोन नाही, टीव्ही नाही, नुसती भाजी.”

मी लगेच हो म्हटलं नाही. हिंसादानाचा विचार मनात आलाच, सवयच ती. मग वाटलं, कशासाठी मागतेय हे तर तिने न विचारता सांगितलं. याहून वेगळं काय विचारायचं असतं?

आदिलाबादला परतल्यावर विळी घेऊन लोहाराकडे गेले. पातं झिजून चंद्रकोर झालं होतं. त्याने लॉरीच्या कमानपट्ट्याचं नवं पातं घडवलं, जुन्या पाटावर बसवलं, धार अंगठ्यावर आडवी लावून बघितली आणि पैसे मागितले. मी दिले. चाळीस पावलं पुढे आले आणि परत फिरले. त्याच्याकडून आमच्या घरी वर्षानुवर्षं विळ्या, उलथणी, खुरपी आली. त्याचं नाव मी आजवर विचारलं नव्हतं.

त्याने सांगितलं. इथे छापत नाही, त्याला लाज वाटेल. पाटाच्या खालच्या बाजूला तापल्या सळईने मी ते लिहून घेतलंय. नात मोठी झाली की उलटून बघेल.